दहावी जागा

आमच्या चौघांत एक नियम होता. सर्वश्रेष्ठ दहा चित्रपटांत कुठलंही नाव घालायचं, तर त्यातलं एक दृश्य सांगायचं. आणि ज्यानं तो चित्रपट पाहिलेला नाही त्याच्या डोळ्यांपुढे ते उभं राहिलं पाहिजे. दिग्दर्शक केवढा मोठा, कुठल्या महोत्सवात गाजला, कोणत्या पुस्तकात त्यावर किती पानं आहेत, हे सांगून नाव आत जायचं नाही. पुण्यात डेक्कनवर एका इराण्याकडे आमची बैठक असायची. मी, बँकेत नुकताच चिकटलेला एक मित्र, संकलन शिकणारा दुसरा, आणि पुढे शाळेत इतिहास शिकवू लागलेली एक मैत्रीण. चहा निवून जायचा, कागदावर खाडाखोड व्हायची, आणि उठताना कुणाचीच यादी पुरी झालेली नसायची.

१९९२ साली या उद्योगाला निमित्त मिळालं. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून त्यांचे दहा चित्रपट मागवतं आणि सगळ्यांची मिळून एक यादी छापतं. त्या वर्षीच्या पहिल्या दहांत ‘पथेर पांचाली’ होता. सत्यजित राय त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले होते. वाचनालयात बसून आम्ही ती यादी वहीत उतरवून आणली आणि ठरवलं की आपणही प्रत्येकी दहा नावं लिहायची.

पहिली सहा-सात नावं मान वर न करता लिहून झाली. ‘सिटिझन केन’, ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्ज’, कुरोसावाचा एक, बर्गमनचा एक, ओझूचा ‘टोकियो स्टोरी’. चौघांच्याही कागदांवर ही नावं जवळजवळ सारखी होती. आठव्या नावाशी पेन रेंगाळलं. नवव्याला कुणीतरी पुन्हा चहा सांगितला. दहाव्याशी आल्यावर सगळे गप्प झाले, आणि त्यानंतर जे भांडण पेटलं ते इराण्यानं खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायला घेतल्या तरी विझलं नाही.

घरात लग्न निघालं की आमंत्रणांची यादी करायला बसतात, तेव्हा असंच होतं. काका, मामा, आत्या यांची नावं लिहावी लागत नाहीत, ती लिहिलेलीच असतात. खरी यादी सुरू होते पत्रिका संपत आल्यावर. आईच्या दुखण्यात रात्री धावून आलेल्या पलीकडच्या वाड्यातल्या बाईंना बोलवायचं, की वडिलांच्या साहेबांना? उरलेल्या त्या एका पत्रिकेवरून त्या घराची जेवढी ओळख होते, तेवढी आधीच्या दोनशे पत्रिकांवरून होत नाही.

सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, हा वाद आपण नेहमी पहिल्या क्रमांकावरून घालतो. माझ्या मते तो ठरतो दहाव्या जागी. हे म्हणणं नीट उलगडायचं तर आधी मोजणी कशी होते ते पाहायला हवं, कारण बातमी वाचताना आपण नेमकं तेवढंच विसरतो.

मोजणी अगदी साधी आहे. प्रत्येकानं दहा नावं द्यायची. त्यानं आपल्यापुरता क्रम लावला तरी मोजताना दहाही नावांना एकेकच मत. ज्या चित्रपटाला सर्वांत जास्त मतं, तो पहिला. २०१२ साली ८४६ जणांनी मतं दिली, आणि त्यांनी मिळून २,०४५ वेगवेगळ्या चित्रपटांची नावं घेतली. पहिला आला हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’, १९१ मतांनी. ‘सिटिझन केन’ला १५७. वेल्सच्या त्या चित्रपटानं १९६२ पासून पन्नास वर्षं पहिली जागा सोडली नव्हती, त्यामुळे ही बातमी सगळीकडे छापून आली. ‘व्हर्टिगो’ जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरला, असं आपण वाचलं. पण ८४६ मधून १९१ वजा केले की ६५५ उरतात. म्हणजे दर चार समीक्षकांतल्या तिघांच्या पहिल्या दहांतही तो नव्हता.

हा आकडा मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी थोडा हादरलो होतो. ज्याला आपण निकाल समजत होतो, तो कुणी दिलेलाच नाही. ८४६ जणांपैकी एकालाही ‘सर्वांत श्रेष्ठ कोणता’ असं विचारलेलं नव्हतं. विचारलं होतं ते दहांबद्दल, आणि दहा म्हटलं की माणूस वेगळ्या रीतीनं विचार करतो. आधीच्या, म्हणजे २००२ च्या मोजणीत तर १४५ समीक्षक होते. ‘केन’ला ४६ मतं, ‘व्हर्टिगो’ला ४१. पाच मतांचं अंतर. लंडन, पॅरिस, टोकियो असे कुठेकुठे बसलेले तिघे जण, कागदावर नऊ नावं लिहून झालेली, दहाव्यापाशी अडलेले. त्या तिघांनी ‘केन’ खोडून तिथे ‘व्हर्टिगो’ लिहिला असता, तर ती पन्नास वर्षं चाळीसच भरली असती.

मग हे तिघे दहाव्या जागी काय विचार करतात? माझ्या अनुभवानं सांगतो. पहिली नावं लिहिताना आपण ऋण फेडत असतो. ज्यांनी आपल्याला चित्रपट पाहायला शिकवलं ते शिक्षक, ती पुस्तकं, ती वर्षं, या सगळ्यांचं ते देणं असतं. शेवटच्या जागेशी आलं की मनात दुसराच प्रश्न येतो: मी नाव घेतलं नाही तर याचं नाव कोण घेणार? ‘केन’ला माझी गरज नाही, त्याचं बाकीचे बघतील. हा चित्रपट मात्र माझ्या जबाबदारीवर आहे. असं वाटणारी माणसं वाढत गेली की तो चित्रपट वर सरकतो.

‘व्हर्टिगो’ तसाच सरकला. १९५८ साली तो आला तेव्हा त्याचं स्वागत थंडच झालं. पुढे हिचकॉकनं त्याचे हक्क स्वतःकडे घेतले आणि आणखी चार चित्रपटांसोबत तो कितीतरी वर्षं पडद्यावरून नाहीसा झाला. १९८० मध्ये हिचकॉक गेला, त्यानंतर तीन-चार वर्षांनी तो पुन्हा चित्रपटगृहांत दिसला. मौजेची गोष्ट अशी की १९८२ च्या यादीत, म्हणजे तो बघायला मिळतही नव्हता तेव्हा, तो पहिल्या दहांत आला. १९९२ ला चौथा, २००२ ला दुसरा, २०१२ ला पहिला. जो चित्रपट दिसत नाही तो वर कसा चढतो? ज्यांनी पूर्वी पाहिला होता ते त्याच्याबद्दल बोलत राहिले, लिहीत राहिले. रॉबिन वुड या इंग्रज समीक्षकानं १९६५ मध्ये हिचकॉकवर पुस्तक लिहिलं. तेव्हा हिचकॉककडे गंभीरपणे बघायचं का, हाच प्रश्न होता. त्या दिवसांत वुडनं ‘व्हर्टिगो’ला सिनेमाच्या आजवरच्या मोजक्या श्रेष्ठ कृतींत बसवलं. एका माणसानं आपल्या हातातली जागा त्याला दिली, आणि ती का दिली ते दृश्यामागून दृश्य घेऊन समजावून सांगितलं.

आमच्यात ‘व्हर्टिगो’ आणला तो संकलनवाल्या मित्रानं. नियमाप्रमाणे दृश्य सांग म्हटल्यावर त्यानं हॉटेलची खोली सांगितली. बाहेर पाटीचा हिरवा दिवा, त्याचा उजेड खिडकीतून आत आलेला. नायकानं एका साध्या मुलीला तिचे कपडे, केस, चालणं सगळं बदलायला लावलंय, कारण त्याला तिच्यात मेलेली दुसरी बाई हवी आहे. शेवटचा हट्ट केसांचा. ते वर बांधायला ती न्हाणीघरात जाते. दार उघडतं, आणि त्या हिरव्या धुक्यातून ती मेलेली बाई चालत येते. ‘‘त्याच्या डोळ्यांत पाणी येतं,’’ मित्र म्हणाला, ‘‘पण तू तिच्याकडे बघ. तिला कळतंय की आता आपण उरलो नाही.’’ मी तो चित्रपट तोवर पाहिला नव्हता. चार वर्षांनी पाहिला, आणि ते दार उघडायच्या आधीच माझा श्वास अडकला होता.

दृश्य सांगायच्या नियमाचं मोल मला तेव्हा कळलं. लोक म्हणतात, असल्या वादात शेवटी आवड आपापली. आवड आपापली हे खरंच. पण दृश्य आपापलं नसतं, ते चित्रपटात असतं. मी म्हणतो ते तिथे आहे की नाही, हे तू जाऊन बघू शकतोस. आणि बघितल्यावर मला सांगू शकतोस की तू खोली पाहिलीस, पण आरसा बघायचा राहिला. ‘मला आवडला’ म्हटल्यावर बोलणं तिथेच संपतं. ‘ती दारातून येते तेव्हा तिच्याकडे बघ’ म्हटलं की पुढची चार वर्षं पुरेल एवढं काम ऐकणाऱ्याला मिळतं.

सुरुवातीच्या याद्यांत हा धीर नव्हता. १९५२ साली पहिला आला दे सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’. तो १९४८ चा, म्हणजे उणापुरा चार वर्षांचा. ‘केन’ तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि पहिल्या दहांत नव्हता. १९६२ साली दुसरा आला आंतोनिओनीचा ‘लाव्हेंतुरा’, ज्याची दोन वर्षांपूर्वी कान महोत्सवात हुर्यो उडवली गेली होती. दोन वर्षांचा चित्रपट इतक्या वर! आज कुणी असं केलं तर घाई झाली म्हणतील. मला ती घाई आवडते. त्या सत्तरेक समीक्षकांना एक नवं काही दिसलं आणि त्यांनी वाट पाहिली नाही. पुढे ‘लाव्हेंतुरा’ हळूहळू खाली आला, ‘बायसिकल थीव्ज’ही पहिल्या दहांतून उतरला. त्यामुळे त्या माणसांचं पाहणं खोटं ठरत नाही. दे सिकाचा तो चित्रपट १९५२ मध्येच मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला, आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. हातरिक्षा ओढत कलकत्त्याच्या रस्त्यावरून धावणारा बलराज साहनी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दोन्ही चित्रपटांचं नातं समजावून सांगावं लागत नाही.

आता २०२२ कडे येतो, कारण त्या वर्षी माझीच परीक्षा झाली.

त्या यादीत पहिला आला शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा चित्रपट. त्याचं नाव म्हणजे एका बाईचं नाव आणि तिच्या घराचा पत्ता: ‘झान दीलमान, २३, के दु कॉमर्स, १०८० ब्रसेल्स’. लांबी २०१ मिनिटं. दिग्दर्शिका तेव्हा पंचविशीतही नीटशी पोचलेली नव्हती. आधीच्या यादीत हा चित्रपट पस्तीस-छत्तिसाव्या जागी होता, तिथून एकदम पहिला. मतदारांची संख्याही दुपटीच्या जवळ गेली होती: ८४६ वरून १,६३९. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ची पटकथा लिहिणारे पॉल श्रेडर यांनी जाहीरपणे नापसंती कळवली, एवढी उडी स्वाभाविक वाटत नाही, मतदार बदलून निकाल बदलला, त्यामुळे यादीची पत गेली, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. श्रेडर उथळ माणूस नाही, त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. मतदार बदलले हे खरंच आहे. पण १९५२ चे साठएक समीक्षक तरी कुणी निवडले होते? तेही कुणाच्या तरी ओळखीचे, मोजक्याच देशांतले, बहुतेक पुरुषच. त्यांच्या यादीला आपण इतकी वर्षं चित्रपटांचा इतिहास म्हटलं. आता खोलीत माणसं वाढली, आणि वाढलेल्या माणसांच्या हातातही दहावी जागा आली.

हे मी आज लिहितो आहे. निकाल लागला त्या दिवशी मात्र मी चिडलो होतो. चित्रपट मी पाहिला होता, काही वर्षांपूर्वी, घरी, लॅपटॉपवर. एक विधवा बाई स्वयंपाक करते, भांडी घासते, मुलाचे बूट पुसते, दुपारी घरी येणाऱ्या पुरुषांकडून पैसे घेते, संध्याकाळी मुलाला वाढते. तीन दिवस. कॅमेरा जागचा हलत नाही. मी तो पुढे ढकलत ढकलत पाहिला होता आणि समजलं असं मानून बंद केला होता. मैत्रिणीला फोन लावला. ती आता निवृत्त होऊन नाशिकला असते.

‘‘हे काय चाललंय?’’ मी म्हणालो. ‘‘बटाटे सोलणारी बाई आणि तो सर्वश्रेष्ठ चित्रपट?’’

‘‘बटाट्यांचं दृश्य पाहिलंस का नीट?’’

‘‘पाहिलं की. थोडं पुढे घेत पाहिलं.’’

‘‘मग पाहिलं नाहीस. थांब, मी सांगते.’’

आणि तीस वर्षांपूर्वीच्या नियमानं तिनं सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सगळं वेळच्या वेळी होतं. दार वाजायच्या आधी बटाटे गॅसवर चढतात, पाहुणा जाईपर्यंत शिजतात. पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या भांड्यात जातात, भांड्यावर झाकण बसतं, प्रत्येक खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवला जातो. दुसऱ्या दिवशी पाहुणा जातो आणि बाई बाहेर येते तेव्हा केस किंचित विस्कटलेले असतात. भांड्यावर झाकण घालायचं राहतं. बटाटे जास्त शिजून गेलेत. ‘‘आता बघ,’’ ती म्हणाली, ‘‘ते पातेलं हातात घेऊन ती घरभर फिरते. स्वयंपाकघरातून बाहेर, परत आत. कुठे ठेवायचं, कुठे टाकायचं, कळत नाही. इतक्या वर्षांत हा प्रसंगच आला नसेल. मग टाकते. नवे सोलायला घ्यावे तर घरात पुरेसे नाहीत. जाऊन आणते. टेबलापाशी बसते, कॅमेरा समोरून, आणि सोलते. किती तरी वेळ फक्त तेवढंच. साल जाड निघतेय, हात जोरानं चालतोय, मध्येच थांबतोय. चेहऱ्यावर काही नाही. पण आपल्याला भीती वाटायला लागते. बटाटा सोलताना बघून कधी भीती वाटली होती तुला?’’

मी काही बोललो नाही. थोडा वेळ तीही गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘बाबा गेल्यावर आईचं सगळं घड्याळावर चालायचं. साडेअकराला कुकर, बाराला पानं. एक दिवस तिचा भात लागला. सबंध घरात वास. ती कुकर हातात धरून मोरीपाशी उभी होती, आणि आम्ही दोघी बहिणी हसलो होतो. म्हटलं, होतं असं कधीकधी. हा चित्रपट पाहीपर्यंत मला कळलं नव्हतं की ती त्या दिवशी कुठे उभी होती.’’

मी ‘झान दीलमान’ पुन्हा पाहिला, या वेळी मोठ्या पडद्यावर, मध्ये न थांबता. देल्फीन सेरीग या नटीचे हात तीन तास बघितले. आकेरमाननं सांगितलं आहे की या हालचाली तिनं लहानपणापासून आईच्या आणि मावश्यांच्या हातांत पाहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी बाईची कॉफी बिघडते. ती दूध बदलून बघते, साखर बदलून बघते, पुन्हा नवी करते, आणि तरीही तिला ती पिववत नाही. त्या वेळी सभागृहात माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हळूच ‘अगं’ म्हटलं. शेवट काय होतो ते मी इथे सांगत नाही. पण तो शेवट त्या ‘अगं’पाशीच सुरू झालेला असतो.

त्या १,६३९ जणांपैकी ज्यांनी हे नाव लिहिलं, त्यांनी ते आपापल्या कागदावर कोणत्या ओळीत लिहिलं, याचा हिशेब मोजणीत नसतो. मला मात्र वाटतं, पुष्कळांनी ते शेवटी, थांबून, काहीतरी खोडून लिहिलं असणार. स्वयंपाकघरातल्या कामाला तीन तास देणारा चित्रपट कुणाच्या कागदावर आपोआप उतरत नाही. त्याची बाजू घ्यावी लागते.

बाजू घ्यायची तर चित्रपट दिसायला हवा, ही त्यातली दुसरी अडचण. ‘पथेर पांचाली’ १९९२ ला पहिल्या दहांत होता. पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि रायांच्या बऱ्याच चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह भाजून निघाल्या. २००२ च्या पहिल्या दहांत तो नव्हता. २०१२ ला बेचाळिसावा. आगीनंच हे झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या वर्षांत महाविद्यालयातल्या मुलांनी जो ‘पथेर पांचाली’ पाहिला तो ओरखड्यांनी भरलेला होता, संवाद खरखरणारे. काश गवताच्या फुलांतून आगगाडी बघायला धावणारी दुर्गा आणि अपू त्या ओरखड्यांच्या पावसात जेमतेम दिसायचे. जळक्या फिती कुणी फेकून दिल्या नाहीत, हे नशीब. इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या वितळून चिकटलेल्या, ठिसूळ झालेल्या फिती हातानं एकेक सोडवल्या, दुरुस्त केल्या, जिथे अगदीच गेल्या होत्या तिथे दुसऱ्या प्रतींतून भरून काढलं, आणि २०१५ मध्ये तो चित्रपट पुन्हा स्वच्छ दिसला. २०२२ ला पस्तिसावा.

आपल्याकडे तर पुष्कळांच्या नशिबी जळक्या फितीही नाहीत. ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, १९३१ चा. त्याची प्रत आज कुठेही नाही. हजाराहून जास्त मूकपट या देशात बनले, हाती लागतात ते मोजके, तेही तुकड्यांनी. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, निर्मात्यांच्या वारसांची मनधरणी करून डबे गोळा केले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चं जे काही आपण बघतो ते त्यांच्यामुळे. त्या नाहीशा झालेल्या चित्रपटांत एखादा ‘व्हर्टिगो’ असेलही. त्याचं दृश्य सांगणारं माणूसही आता उरलेलं नाही.

माझ्या यादीच्या दहाव्या जागेचं आता सांगायला हवं. १९९२ ला मी तिथे ‘संत तुकाराम’ लिहिला होता आणि मग स्वतःच खोडला होता. दामले-फत्तेलालांचा, ‘प्रभात’चा, १९३६ चा चित्रपट. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो वाखाणला गेला होता. त्या अर्थानं त्याला माझ्या शिफारशीची गरजही नव्हती. खोडला तो संकोचानं. मराठी म्हणून घालतोय, लहानपणी आजीच्या मांडीवर पाहिला म्हणून घालतोय, असं इतरांना वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. कुरोसावाच्या आणि बर्गमनच्या शेजारी आपल्या घरचं माणूस बसवायला जीव होईना. तिथे मी आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ लिहिला, आणि तो तीस वर्षं तिथे राहिला.

‘झान दीलमान’ दुसऱ्यांदा पाहून आलो त्या रात्री जुना कागद काढला. ‘पोटेमकिन’वर रेघ मारली, ‘संत तुकाराम’ लिहिला, आणि मैत्रिणीला फोन केला.

‘‘दृश्य सांग,’’ ती म्हणाली.

जिजाईचं सांगितलं. घरात पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम सगळ्यांना आठवतो, पण घर चालवते ती गौरीनं उभी केलेली ही बाई: म्हशीवर जीव टाकणारी, तोंडाळ, दमलेली. ती उठते, एका हातानं आजारी पोराला ओढते, दुसऱ्या हातात जोडा घेते, आणि थेट देवळात जाते. विठोबाला मारायला. अख्ख्या चित्रपटात भक्ती कुणाची खरी, असं विचारलं तर मी हे दृश्य दाखवीन. जो देव आहेच अशी पुरती खात्री असते, त्याच्यावरच जोडा उगारता येतो. आणि यात कुठेही चमत्कार दाखवल्यासारखा आविर्भाव नाही. गावातली बाई शेजारणीशी भांडायला निघावी तशी ती निघते. आकेरमानच्या चाळीस वर्षं आधी कुणीतरी घरातल्या बाईचा थकवा कॅमेऱ्यासमोर असा सरळ ठेवला होता, हे मला त्या रात्रीपर्यंत दिसलं नव्हतं.

‘‘घाल,’’ ती म्हणाली. ‘‘जिजाईला जागा आहे. पण काढलंस काय?’’

‘‘पोटेमकिन.’’

फोनवर जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘‘ओडेसाच्या पायऱ्या आठवतात? बाबागाडी सगळ्यांना आठवते, ती सोड. त्याच्या आधीचं बघ. सैनिक वरून खाली येतायत, लोक जीव घेऊन खाली पळतायत. एका बाईचा मुलगा मागे पडतो, त्याला गोळी लागते, लोक त्याला तुडवत जातात. ती मागे वळते, त्याला उचलते. आणि मग, सगळा जिना खाली धावत असताना, ती एकटी वर चढायला लागते. पोर हातांवर धरलेलं, समोर बंदुका. त्यांना सांगायला की माझं लेकरू आजारी आहे, गोळ्या घालू नका. तुझी जिजाई पोराला घेऊन विठोबाकडे जाते ना? ही तशीच चालत जाते. तिच्या हातात जोडा नाही एवढंच.’’

साडेअकरा वाजून गेले होते. मी दोन्ही चित्रपट काढले. आधी देऊळ पाहिलं, मग जिना, मग पुन्हा देऊळ. कागद टेबलावर तसाच होता, ‘पोटेमकिन’वरची रेघ पेन्सिलीची. खोडरबर घेऊन ती पुसली आणि वरपासून एकेक नाव वाचत, यांतलं आता कुणाला उठवायचं, ते बघत बसलो.